पिरॅमिड म्हणजे नक्की काय काय? आठ दिवसांत पाच अर्थ ऐकले, डोकं गरगरलंय

बेदाणा_तासगाव

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडा वाटंल पण खरंच विचारतोय, हसू नका.

मागच्या आठ दिवसांत पिरॅमिड हा एकच शब्द आमच्या घरात पाच वाटांनी आला. सोमवारी थोरली (बारावी, आर्ट्स) भूगोलाचं पुस्तक घेऊन आली, पप्पा लोकसंख्या मनोरा समजावा म्हणाली, मनोरा म्हणजे पिरॅमिडच की म्हणे. मी बघतोय तर आडव्या पट्ट्याच पट्ट्या, डावीकडं पुरुष उजवीकडं बायका. मंगळवारी धाकट्याच्या गणितात सूची निघाली, ती पण म्हणे पिरॅमिडच. मी आपलं सूची म्हणजे यादी समजत होतो. बुधवारी आईची सोनोग्राफी केली मिरजेला, रिपोर्टात किडनीसमोर लिहिलंय 'पिरॅमिड्स प्रॉमिनंट', आई तेव्हापासनं गप्प बसलीय, तिला वाटतंय पोटात काहीतरी उगवलंय. शुक्रवारी मंडळींनी मैत्रिणीकडनं वास्तू पिरॅमिड आणला, प्लॅस्टिकचा, पिवळ्या रंगाचा, अकराशे रुपये, आणि तो उंबऱ्याच्या वरती डबल टेपनं चिकटवला. दोनदा डोक्यात पडलाय माझ्या.

आणि रविवारी मेव्हणा आला. नऊ हजार भरायचे, एक पावडरीचा डबा मिळतो, मग आपण सहा जण जोडायचे, त्या सहांनी सहा सहा जोडायचे, आपण घरात बसून खायचं. हे सगळं सांगून झाल्यावर स्वतःहून म्हणतो, "दाजी, ही पिरॅमिड स्कीम नव्हं बरं का, हे नेटवर्क हाय." मी विचारलंच नव्हतं ओ! चहा पीत होतो फक्त.

तर प्रश्न असा की हे सगळं एकच आहे का? इजिप्तमधली राजांची थडगी आणि आईची किडनी आणि मेव्हण्याचा डबा यांचा एकमेकांशी संबंध काय? मराठीत याला एक सरळ शब्द आहे का नाही? आणि मेव्हण्याला पुढच्या रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय, ते पण सुचवा. घरातलं माणूस आहे, तोडून बोलता येत नाही.

कृष्णाकाठची_बाई

दादा, प्रश्न येडा नाही, माझ्या वर्गात दरवर्षी निघतो. मी भिलवडीकडं गणित शिकवते, म्हणून आधी धाकट्याचं बघू, कारण बाकीचे सगळे अर्थ याच्याच जिवावर चाललेत.

गणितात पिरॅमिड म्हणजे एवढंच: खाली सपाट पाया, त्याला कितीही बाजू असूदेत, तीन चार पाच, आणि पायाच्या प्रत्येक बाजूवरनं एकेक त्रिकोण उठून सगळे वरती एका टोकात मिळतात. पाया गोल असला की तो शंकू झाला, मग पिरॅमिड नाही. मुलं नेहमी मोदकाचं उदाहरण देतात, मोदक नाही बसत. समोसा मात्र बऱ्यापैकी बसतो, चार कोपरे चार त्रिकोणी बाजू, फक्त पोट फुगलेलं.

आता 'सूची' शब्द. सूची म्हणजे संस्कृतात सुई. टोकदार म्हणून सूची. आणि हा शब्द कुणा पाठ्यपुस्तक मंडळानं बसून पाडलेला नाही, ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ साली हाच वापरलाय. त्यानं सांगितलंय की सरळ खड्ड्याचं माप काढायचं तर क्षेत्रफळ गुणिले खोली, आणि सूचीचं काढायचं असेल तर त्याला तीननं भागा. त्याच्या सव्वाशे वर्षं आधी आर्यभटानं त्रिकोणी पायाच्या सूचीला तीनच्या जागी दोननं भागायला सांगितलं होतं, ते चुकलं होतं. मी हे वर्गात मुद्दाम सांगते. आर्यभट चुकू शकतो तर तू पण चुक, पण तपासून बघ.

तपासायचं कसं तर आम्ही पुठ्ठ्याचा एक चौकोनी डबा करतो आणि त्याच मापाचा पाया, तेवढीच उंची असलेली एक सूची. सूचीत शाळू भरायचा आणि डब्यात ओतायचा. एकदा ओतला, पोरं म्हणतात बाई अर्धा होणार. दुसऱ्यांदा ओतला, गप्प. तिसऱ्यांदा ओतला की डबा काठोकाठ. दरवर्षी चार दाणे खाली सांडतात आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतं बाई तेवढ्यानं चुकलं असंल. पण तीन म्हणजे तीनच.

अजून एक गोष्ट, ही लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. पिरॅमिड अर्ध्या उंचीवर आडवा कापला तर वरच्या तुकड्यात निम्मा माल असेल असं वाटतं ना? नसतो. आठवा हिस्सा असतो फक्त. लांबी निम्मी, रुंदी निम्मी, उंची निम्मी, झाला आठवा. बाकीचे सात हिस्से खालच्या अर्ध्यात. गिझाचा खुफूचा पिरॅमिड मुळात साधारण १४६ मीटर उंच होता, पायाची एक बाजू २३० मीटर, दगड अंदाजे २३ लाख. म्हणजे पहिले ७३ मीटर बांधून होईपर्यंत त्यांचं जवळपास सगळं काम उरकलेलं होतं, वर नुसतं टोक राहिलेलं.

पैलवान_शिराळा

आमच्या जिममधी पन पिरॅमिड असतोय की. पहिला सेट हलक्या वजनाचा १२ वेळा, मग वजन वाढवत न्यायचं आन आकडा कमी करत यायचं, १०, ८, ६. वजनाचा ढीग उलटा आन आकड्यांचा सुलटा. बाकी मेव्हन्याला आमच्याकडं पाठवा, सहा जन हितंच गावतील.

अजिंक्यताऱ्याखाली

@पैलवान 😄

माझी दोन पैशांची भर. वीस वर्षं साताऱ्यात वार्ताहरकी केली, शब्दांच्या मागं लागायची खोड आहे.

पिरॅमिड हा शब्द इजिप्तचा नाहीच मुळी. इजिप्तची माणसं त्याला मेर असं काहीतरी म्हणायची, त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नव्हते त्यामुळं उच्चार अंदाजानंच. पिरॅमिड हा ग्रीक शब्द, पिरॅमिस. आणि बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की पिरॅमिस हा भाजलेल्या गव्हाचा आणि मधाचा गोड पदार्थ होता, तसल्या आकाराचा. म्हणजे ग्रीक लोक तिथं गेले, एवढी डोंगराएवढी थडगी बघितली आणि म्हणाले, अरे ही तर आपली वडी! उगाच म्हणत नाही, ओबेलिस्क म्हणतात ना त्या उंच दगडी खांबांना, तो पण ग्रीकच शब्द, अर्थ लहान शीग, मांस भाजायची. भुकेल्या पोटी फिरत असणार. अरबीत पिरॅमिडला हरम म्हणतात, अनेकवचन अहराम, कैरोतलं जुनं वर्तमानपत्र 'अल अहराम' ते त्याच्यावरनंच.

मराठीत आपण पुस्तकात बहुतेक ठिकाणी 'मनोरा' लावून मोकळे झालो. लोकसंख्या मनोरा, ऊर्जेचा मनोरा, आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य, 'मानवी मनोरे रचून दहीहंडी फोडली'. मी स्वतः निदान पंधरा वेळा लिहिलं असेल. खरं बघितलं तर मनोरा म्हणजे मिनार, सरळसोट उंच, खालीवर सारखाच. पिरॅमिडचा जीव तर निमुळता होण्यात आहे. पण भाषा अशीच चालते, एकदा रूढ झालं की झालं.

मनोऱ्यावरनं आठवलं. बाबासाहेबांनी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात हाच शब्द वापरलाय. हिंदू समाज म्हणजे एक मनोरा, एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि या मनोऱ्याला शिडी नाही. तिथं मनोराच बरोबर बसतो बघा, पिरॅमिड नाही, कारण मुद्दा मजल्यांचा आणि नसलेल्या शिडीचा आहे. साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेत १९०० साली त्यांचं नाव दाखल झालं तिच्यावरनं मी रोज गाडी काढायचो, आता प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात.

आमच्या धंद्यात उलटा पिरॅमिड असतो. सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या ओळीत, मग तपशील, मग इकडचं तिकडचं. कारण पान लावणारा माणूस रात्री साडेबाराला जागा कमी पडली की बातमी खालनं कापतो, वाचत बसत नाही. एकदा एका अपघाताच्या बातमीत मी जखमींची नावं शेवटी टाकली होती, सकाळी पेपरात नावंच नाहीत. घरच्यांचे फोन मला. तेव्हापासनं नावं वर.

गलाईवाला_विटा

लोकसंख्या मनोऱ्याचं मी सांगतो, पोरीला समजंल असं. मी सध्या तामिळनाडूत आहे, गलाईचं दुकान, आटपाडी खानापूर तासगाव भागातली निम्मी पोरं देशभर हाच धंदा करतात सोनं चांदी गाळायचा, सांगायची गरज नाही तुम्हाला.

तर तो आलेख म्हणजे काय की खाली शून्य ते चार वयाची पोरं, त्याच्या वर पाच ते नऊ, असं करत करत वर ऐंशीच्या पुढची म्हातारी. पूर्वी पोरं भरपूर व्हायची आणि वर जाईल तशी माणसं कमी होत जायची म्हणून त्याचा आकार आपोआप पिरॅमिडसारखा यायचा, म्हणून ते नाव पडलं. आता पोरं एक नाही तर दोन, त्यामुळं पाया आकसलाय आणि मधलं पोट सुटलंय, जपानचा बघितला तर खाली अरुंद आणि वर जड, त्याला पिरॅमिड म्हणणं म्हणजे नाव सोनूबाई. पण नाव तेच राहिलं.

आता तिला म्हणावं आपल्या गावाचा काढ. माझ्या गावाचा मी मनातल्या मनात काढून बघितला, दिवाळीला गेलो होतो तेव्हा. बायकांची बाजू ठीक दिसंल, पुरुषांच्या बाजूला वीस ते पंचेचाळीसच्या जागी उंदरानं कुरतडल्यागत खाच. ती खाच म्हणजे आम्ही. कोण तामिळनाडूत कोण केरळात कोण पार पंजाबात. गणपतीला आणि जत्रेला ती खाच आठ दिवस भरून येते आणि परत रिकामी. परीक्षेत 'स्थलांतराचा परिणाम' म्हणून प्रश्न येतो बघा, तो हाच.

मिरजेचा_लॅबवाला

दादा आईला आधी सांगा, पिरॅमिड सगळ्यांच्या किडनीत असतात. तुमच्या पण, माझ्या पण. मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये आहे, पण एवढं खात्रीनं सांगू शकतो.

किडनी उभी चिरली (खाटकाकडं बोकडाचा गुरदा बघितला असेल तर अंदाज येईल, तिथं आतलं इतकं सुटं सुटं दिसत नाही पण रंगातला फरक दिसतो) तर बाहेरनं एक साल असते आणि आत निमुळते लालसर तुकडे बसलेले असतात, माणसाच्या एका किडनीत साधारण ८ ते १८. त्यांची रुंद बाजू बाहेर, टोक आत. त्या टोकातनं लघवी थेंब थेंब गळते, खाली वाटीसारख्या भागात जमते आणि पुढं पिशवीकडं जाते. आकारावरनं नाव पडलंय, बस. सोनोग्राफीत ते सालीपेक्षा काळे दिसतात. 'प्रॉमिनंट' म्हणजे जरा ठळक दिसले एवढंच लिहिलंय, त्याचा अर्थ काही नाही पण असू शकतो आणि काही पण असू शकतो, ते क्रिएटिनिन आणि लघवीचा रिपोर्ट बघून डॉक्टरच सांगतील. रिपोर्ट घेऊन जा, इथं विचारत बसू नका.

मेंदूच्या देठात पण पिरॅमिड नावाचे दोन उंचवटे असतात. तिथं नसा इकडच्या तिकडं होतात, म्हणून तर डाव्या मेंदूला झटका आला की उजवा हात पाय जातो.

बेदाणा_तासगाव

सगळ्यांना मनापासनं धन्यवाद. आईला लॅबवाल्या दादांचं वाचून दाखवलं, "सगळ्यांच्यात असत्यात व्हय" म्हणाली आणि लगेच भाकरी थापायला उठली. डॉक्टरांकडं परवा जातोय.

मेव्हणा काल परत येऊन गेला. या वेळी सोबत टाय लावलेला एक पोरगा होता. वहीत गोल काढून दाखवले, एका गोलाखाली सहा, सहाखाली छत्तीस. मी म्हणलं हे तर पिरॅमिडच दिसतंय, तर तो टायवाला म्हणतो, सर प्रत्येक कंपनी पिरॅमिडच असते, वर साहेब खाली शिपाई, सरकार पण पिरॅमिडच आहे. मला पटकन उत्तर सुचलं नाही. काय बोलायला पाहिजे होतं?

निवृत्त_हिशेबनीस

हा प्रश्न माझ्यासाठीच आहे. सांगलीत बँकेत तेहतीस वर्षं काढली, आणि तरी स्वतः फसलोय, त्यामुळं हक्कानं बोलतो.

टायवाल्याचं उत्तर सोपं आहे. ऑफिसात शिपायाला वरून पगार येतो. तुमच्या त्या गोलांमध्ये शिपायानं साहेबाला पगार द्यायचाय. आकार सारखा दिसतो, पैशाची दिशा उलटी. संपलं.

आता बाईंनी वर जो शाळू मोजला तसा आपण माणसं मोजू. प्रत्येकानं सहा जोडायचे. पहिला थर ६, दुसरा ३६, तिसरा २१६, चौथा १,२९६, पाचवा ७,७७६, सहावा ४६,६५६, सातवा २,७९,९३६, आठवा १६,७९,६१६. नववा १,००,७७,६९६. एक कोटी! २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्हा सव्वाअठ्ठावीस लाखाचा आणि सातारा तीस लाखाचा, दोन्ही मिळून साठ लाख पण नाहीत. म्हणजे पाळण्यातल्या पोरापासनं काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्यांनी डबा घेतला तरी नववा थर भरत नाही. बारावा थर दोनशे कोटींच्या वर जातो, तेवढी माणसं भारतात पण नाहीत.

यावर ते लोक म्हणतात काका एवढं लांब कोण जातंय, आपण सुरुवातीलाच आहोत. बरं. मग मधेच कुठंही थांबवा आणि बेरीज करा. सहाव्या थरावर थांबवा, आठव्यावर थांबवा, कुठंही. सगळ्यात खालच्या थरात एकूण माणसांच्या सहात पाच माणसं असतात. कायम. आणि खालचा थर म्हणजे ज्यांनी नऊ हजार भरले पण ज्यांच्या खाली कोणी नाही ते. म्हणजे स्कीम कितीही प्रामाणिकपणे चालवली, कोणी पळून गेलं नाही, सगळं सांगितल्याप्रमाणं झालं, तरी सहातल्या पाचांचे पैसे जाणारच. कुणी लबाड आहे म्हणून नाही, तो आकारच तसा आहे. बाईंनी सांगितलं ना खालच्या अर्ध्यात आठातले सात हिस्से, तसंच हे.

साध्या विक्रीत आणि यात फरक कसा ओळखायचा तर एकच विचारायचं, पैसे माल विकून मिळतात का माणूस जोडून? तो पावडरीचा डबा दुकानात ठेवला तर कोणी नऊ हजाराला घेईल का? नाही ना? मग डबा म्हणजे नुसतं पांघरूण. आपल्याकडं १९७८ चा कायदाच आहे, बक्षीस चिट आणि पैसा फिरवायच्या योजनांवर बंदी घालणारा, आणि २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत पिरॅमिड स्कीम हे शब्द वापरून मनाई केलीय. म्हणून तर मेव्हण्याला आधीच 'ही पिरॅमिड स्कीम नव्हं' असं म्हणायला शिकवलंय. वरून पढवून पाठवतात.

माझं काय झालं ते पण लिहितो. बरीच वर्षं झाली. सात हजार माझे गेले, ते सोडा, मी ज्या तिघांना जोडलं त्यातला एक शेजारी. भिंतीला भिंत. त्याचे सात हजार मी नंतर दिवाळीच्या बोनसातनं परत दिले, त्यानं घेतले, पण त्यानंतर त्यांच्याकडनं पुरणपोळीचं ताट कधी आलं नाही.

कराडची_संगमावरची

वास्तू पिरॅमिडबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी. 😊

१९५९ साली चेकोस्लोव्हाकियात एकानं पेटंट घेतलं होतं, पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली ठेवलेलं दाढीचं ब्लेड बोथट होत नाही म्हणून. तिथनं पुढं मग दूध नासत नाही, फळ सडत नाही, झोप चांगली लागते, असं वाढत वाढत तुमच्या उंबऱ्यापर्यंत आलं. पेटंट मिळालं म्हणजे खरं ठरलं असं नसतं ओ.

आम्ही शाळेत विज्ञान प्रदर्शनाला करून बघितलेलं. भाकरीचे दोन सारखे तुकडे, एक पिरॅमिडखाली, एक बुटाच्या खोक्याखाली. मास्तरांनी अट घातली की दोन्हीवर वहीचा कागद चिकटवून अ आणि ब लिहायचं आणि कशात काय आहे ते बघणाऱ्याला सांगायचं नाही. पावसाळ्याचे दिवस, तिसऱ्या दिवशी दोन्हींवर बुरशी. बुटाच्या खोक्यातली जरा कमीच होती उलट. बक्षीस मिळालं नाही, आमच्या शेजारी ज्वालामुखीवाले होते.

दादा, वहिनींना हे सांगताना तुमचं तुम्ही बघा. अकराशे गेलेत, वर मैत्रीण आहे.

वाईकर_निवांत

उशिरा आलो, कामात होतो. सगळं वाचलं, झकास. पण आश्चर्य वाटतंय, इतक्या लोकांत 'उतरंड' कोणालाच आठवू नये? इथं वाईत विश्वकोशाच्या गावात बसून मला गप्प राहवत नाही.

माझ्या आजीच्या माजघरात कोपऱ्यात उतरंड होती. सगळ्यात खाली रांजणाएवढं मडकं, त्यात जोंधळे. त्यावर त्याच्यापेक्षा लहान, त्यात तांदूळ. त्यावर डाळ, मग हुलगे, मग मेथ्या मोहरी, आणि पार वरती मूठभर मावेल एवढं गाडगं, झाकण म्हणून परळ. त्या वरच्या गाडग्यात आजीचे पैसे असायचे, सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक मडकं खालच्याच्या तोंडावर बसवलेलं, मध्ये चुंबळ. खालच्यातलं काही पाहिजे असलं की वरची सगळी एकेक करून उतरवायची, म्हणून उतरंड असं ती सांगायची. व्युत्पत्ती खरी का खोटी तिलाच ठाऊक, पण उतरवायचं काम आम्हा पोरांकडं होतं हे खरं. एकदा माझ्या हातनं तिसरं मडकं सुटलं तर वरचं सगळं गेलं आणि खालची दोन तशीच, त्यांना टवका पण नाही. आजी मोहरी वेचत बसली दोन दिवस.

म्हण पण आहे, उतरंडीला नसेना दाणा पण दादला असावा पाटील राणा. मेव्हण्याच्या टायवाल्याला तंतोतंत लागू.

आता बघा, समाजशास्त्राच्या पुस्तकात जातीची उतरंड, सत्तेची उतरंड असं सर्रास लिहितात, म्हणजे वर थोडे खाली जास्त आणि वरच्यांचा भार खालच्यांवर, हा पिरॅमिडचा अर्थ मराठीत केव्हापासनं आहे. नुसता आकार म्हणायचा असेल तर सूची. धान्याची पडते ती रास. माणसं चढतात ते थर. लाडवांची रचतात ती चवड. इंग्रजीनं एकाच शब्दात सगळं कोंबलंय म्हणून तुम्हाला आईची किडनी आणि मेव्हण्याचा डबा एका माळेत दिसला. मराठीत बोलला असता तर घोटाळाच झाला नसता. किडनीत सूची आहेत आणि मेव्हणा उतरंडीत शिरलाय.

एक फरक मात्र हिशेबनीस काकांच्या हिशेबात धरायला पाहिजे. उतरंडीत खालचं मडकं सगळ्यात मोठं असतं आणि भरलेलं असतं. या स्कीममध्ये खालचं रिकामं असतं.

निवृत्त_हिशेबनीस

वाईकर, मानलं. रिकामं नसतं हो, रिकामं करतात.

बेदाणा_तासगाव

अपडेट देतो, मग धागा बंद केला तरी चालेल.

डॉक्टर म्हणाले आईची किडनी चांगली आहे, पाणी जास्त प्या आणि गोळ्या मेडिकलमधनं मनानं घेऊ नका. आई आता शेजारणींना सांगत सुटलीय की माझ्यात पिरॅमिड आहेत.

थोरलीनं गावाचा मनोरा खरंच काढायला घेतलाय, आमच्या गल्लीतली चाळीस घरं हिंडून. गलाईवाल्या दादांची खाच पहिल्या दहा घरांतच दिसली म्हणाली.

मेव्हणा रविवारी आला, एकटाच. मी वाद घातला नाही. जेवण झालं, सुपारी झाली, मग नुसतं विचारलं की तुझ्या खाली आत्ता किती जण आहेत. गप्प. मग म्हणाला, "दाजी, तुम्ही पहिलं." म्हणजे गड्यानं नऊ हजार भरून तीन महिने झालेत आणि त्याच्या खाली कोणीच नाही. तोच खालचा थर. मी हिशेबनीस काकांचे आकडे त्याच वहीत, त्याच्या गोलांच्या खाली लिहिले, नवव्या ओळीला त्यानंच पेन काढून घेतलं. डबा परत करता येतोय का ते दोघं मिळून बघतोय, पावती आहे त्याच्याकडं. नाहीतर आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज द्यायचा विचार आहे, पण बायको म्हणतीय आधी भावाला जरा श्वास घेऊ दे.

आणि तो उंबऱ्यावरचा पिवळा पिरॅमिड तिसऱ्यांदा पडला तेव्हा धाकट्यानं उचलून नेला. आतनं पोकळच आहे. पुठ्ठ्याचा त्याच मापाचा डबा केला त्यानं आणि शाळू भरून ओतत बसला परसात. तीनदा ओतला तरी डबा बोटभर रिकामाच राहिला. बाई, डबा नीट कापला नसंल का त्यानं, का पिरॅमिडच आतनं जाड आहे?

कृष्णाकाठची_बाई

प्लॅस्टिक जाड असणार. बाहेरनं माप घेतलं असेल त्यानं, आतनं घ्यायला सांगा.